आबांचं तपेलं

माझे सासरे मोतीलाल आबा आयुष्यभर गावाला देत आले आणि आयुष्यभर गावावर संशय घेत आले. दोन्ही कामं त्यांनी सारख्याच निष्ठेनं केली. त्यातलं कोणतं जास्त मनापासून केलं, असं मला विचाराल तर मी सून आहे, माझं उत्तर धरू नका.

आमचं गाव तापीकाठी आहे. गुजरांची घरं, पलीकडं भिल्लांची वस्ती, म्हणजे भिलाटी, चहूबाजूला केळी आणि ऊस. आबांची जमीन बऱ्यापैकी आहे. दोनदा सरपंच झाले, पाणीपुरवठा सोसायटीचे चेअरमन झाले, शाळा समितीवर तर ते इतकी वर्षं होते की मास्तर बदलत गेले आणि आबा तसेच राहिले. बस थांब्यावरची पाणपोई त्यांची, पण तिथले पेले साखळीनं बांधलेले. थंडीत शाळेतल्या पोरांना स्वेटर देत. ते हेडमास्तरांच्या हातात कधी द्यायचे नाहीत, एकेका पोराच्या अंगात स्वतः घालायचे, कारण मधल्या मध्ये स्वेटराला पाय फुटतात असं त्यांचं मत. गावचा रस्ता झाला तेव्हा सरपंच स्वतः उन्हात उभे राहून ओल्या काँक्रिटात सळई खुपसून खोली बघत होते. डोळ्यांच्या शिबिराला म्हाताऱ्यांना गाडीत घालून नेलं तेव्हा सगळे परत येईपर्यंत दवाखान्याच्या दारात बसून राहिले. मी विचारलं, तुम्ही कशाला थांबलात? म्हणाले, "ह्या लोके मानसं बी बदली देतस." म्हातारी माणसं कोण बदलून घेणार, असं मी म्हटलं, तर हसले नाहीत.

मी म्हसावदची. आमच्याकडं तोंडावर बोलायची रीत आहे. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात साखरेच्या डब्यात मला बोटानं ओढलेली रेघ दिसली. साखर कुठवर आहे त्याची खूण. मी ती पुसली आणि आबांच्या देखत नवी ओढली, थोडी वर. ते बघत राहिले. त्यानंतर डब्यात रेघ दिसली नाही, पण डब्याकडं बघणं काही सुटलं नाही.

गावही काही कमी नव्हतं. एवढं देतो म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं लोक पारावर बसून बोलायचे आणि पाणपोईवर जाऊन पाणी प्यायचे. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटायचं. माझा नवरा ललित साधा माणूस, त्याला बापाचं सगळं खरं वाटतं. मी मात्र पुष्कळ दिवस शोधत होते की ह्या माणसाला ह्यातून मिळतं काय. आमदारकी नको, सत्कार नको. कुणी पाया पडायला आलं तर हा काय मागायला आलाय, म्हणून पाय मागं घ्यायचे. एकदा एक मुलगी पेढे घेऊन आली, नर्स झाली होती, तिच्या शिक्षणाला आबांनी हातभार लावला होता. आबांना ती आठवेचना. ती गेल्यावर मला हळूच म्हणाले, "हाई कोन व्हती? देखी ले, काही लई तं नही गई?" पेढे घेऊन आलेली घेऊन काय जाणार!

ते खरंच विसरलेले असत. त्यांचा एक नियम होता आणि तो ते आम्हाला सारखा ऐकवत. "दिन्हं ते इसरी जावानं." दिलेलं लक्षात ठेवलं की माणूस सावकार होतो, असं म्हणायचे. चांगला नियम आहे. पण दिलेलं विसरायचं आणि हरवलेलं तेवढं पाठ करायचं, हे कुठल्या पोथीत लिहिलंय ते मला अजून सापडलेलं नाही.

आता भांडाराचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं.

आबांच्या बहिणीच्या लग्नात भांडी भाड्यानं आणली होती. पंगत बसलेली असताना भांडीवाला आला आणि वरातीची घाई बघून त्यानं तिथंच पाहुण्यांच्या समोर पातेली मोजायला घेतली. एक झारा कमी भरला. त्यानं आबांच्या वडिलांना पंगतीतून उठवलं. झारा नंतर चुलीमागं सापडला, पण तोवर वडिलांचं तोंड उतरलं ते उतरलं. आबा तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेले. हाती शेत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते हे. पितळी तपेली, हंडे, पराती, झारे असं पाचशे पानांची पंगत उठेल एवढं सामान जमवलं, मारुतीच्या देवळामागं भांडाराची खोली बांधली आणि सांगितलं, गावातल्या कुठल्याही कार्याला भांडी फुकट. भिलाटीतल्यांनाही. त्यावरून गावात बरीच कुरबुर झाली. "पितळले जात नही ऱ्हास," म्हणून आबांनी तोंडं बंद केली. भांड्यांवर स्वतःचं नाव घातलं नाही, बुडाला फक्त गावाचं नाव ठोकून घेतलं.

पण किल्ली आबांच्या बंडीच्या खिशात. भांडी परत आली की ते एकेक पालथं घालून, बोटानं वाजवून घेत. ज्या गोष्टीनं बापाची मान खाली गेली, नेमकं तेच काम मुलगा करत होता. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मी एकदा सांगणार होते, आईंनी डोळ्यांनी दटावलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, दगूबाई.

पितळेला कल्हई लागते. नाहीतर आंबट पदार्थ कळकतो, तोंडात घेववत नाही. ही कल्हई करायला शहाद्याहून दाऊदचाचा यायचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. आता शहाद्यातल्या दुकानात कुकरच्या रिंगा आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त होतात, मुलगा अझरुद्दीन तेच बघतो. पण लग्नसराईच्या आधी एकदा आणि सराई संपली की एकदा चाचा आमच्या गावात येत, भांडाराजवळच्या निंबाखाली अवजारांचं पोतं टाकून भाता मांडत, नवसागराचा पांढरा धूर उठला की सगळ्या पोरांना खोकला. आबा समोर खाट टाकून बसायचे. दोघं एका वयाचे, बोलणं फारसं नाहीच. आईंचा चहा दिवसातून कितीदा व्हायचा ते विचारू नका. आणि एक गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. आबा दुपारी जेवायला घरी येत तेव्हा भांडाराचं दार उघडं टाकून येत. सबंध वर्षात फक्त त्याच दिवसांत. मी म्हटलं, आबा, कुलूप? म्हणाले, "दाऊद शे ना तठे."

तर गेल्या वर्षी उन्हाळ्यात सराईतलं शेवटचं लग्न झालं ते आमच्याकडं केळीत काम करणाऱ्या दगाच्या पोरीचं, काजलचं. नवरदेव खांडबाऱ्याकडचा. आबा त्या लग्नात दिवसभर राबले आणि संध्याकाळी ऊन लागून पडले. तापात होते, भांडी परत आली ती ललितनं आत ठेवली आणि कुलूप घातलं. मोजली कुणी नाहीत. मग आठवड्यानं दाऊदचाचा आले, कल्हई करून गेले. आबा बरे झाले, भांडारात गेले आणि मोजायला बसले.

वरणाचं मधलं तपेलं नव्हतं.

त्यांनी पहिल्यांदा दगाला बोलावलं. "लिन्हेल आखा भांडा परत करात का?" असं दरडावून विचारलं. दगा म्हणाला, "आखा परत करात आबा." खरंच केली होती त्यानं. मग ललितला विचारलं, मग मला. मी म्हटलं, हो, माहेरी नेलं, त्यात आम्ही कपडे धुतो. आई म्हणाल्या, सापडेल. आबांचा चेहरा कसा झाला ते मला दिसत होतं. आत भांड्यांपाशी एकटं असं कोण होतं, हे ते मनात चाळत होते आणि दर वेळी एकाच नावावर थांबत होते.

बाजाराच्या दिवशी ते शहाद्याला गेले. मीही गेले होते, किराणा घ्यायचा होता, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. दुकानात गिऱ्हाईक होतं. आबा पायरीवरूनच म्हणाले, "दाऊदभाई, मन्हं तपेलं कठे शे?"

चाचांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांनी हातातला पान्हा खाली ठेवला.

"देखी ले, मोतीभाऊ. आखं दुकान देखी ले."

शहाण्या माणसानं तिथून परत फिरायचं असतं. आबा आत गेले. लोकांची दुरुस्तीला आलेली भांडी त्यांनी एकेक उचलली, पालथी घातली, बोटानं वाजवली. रस्त्यावर माणसं थांबली. अझरुद्दीन पुढं येत होता, चाचांनी त्याला हातानं अडवलं. मी पिशवी घेऊन उभी होते आणि मला इतका संताप आला होता की मी जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. आबांना ते ऐकूच गेलं नाही. तपेलं नव्हतंच तिथं. आबा बाहेर आले आणि म्हणाले, आता कसं असेल, विकलं असेल.

हे गावभर झालं, शहादाभर झालं. चाचांच्या दुकानात भांडं टाकताना बायका आता खूण करून ठेवतात, असं मला बाजारात कुणीतरी सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण इथं चोर होता का तेच कुणाला ठाऊक नव्हतं. मला भिलाटीतल्या एका आचाऱ्याचा संशय, ललितला भंगारवाल्याचा. आई कधी नव्हे त्या माळ्यावर चढून शोधायच्या, कुणाला न सांगता. संशयाची एक गंमत असते, तो एकाच्या घरात राहत नाही.

दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली. आबांनी चाचांना निरोप धाडला नाही आणि चाचा येणार नव्हतेच. दुसरा कल्हईवाला शोधला तर सगळे म्हणतात, आता कोण करतं ते. आहे त्या कल्हईवर दोन-तीन कार्यं निघाली. माघात एका घरच्या पंगतीत कढी कळकली. हिरवट पडली, लोकांनी तोंडं वाकडी केली, पानं तशीच सोडून उठले. यजमान आबांच्या तोंडावर म्हणाला, तुमच्या भांड्यांचा आता भरवसा नाही. पुढच्या लग्नाला शहाद्याहून डेकोरेशनवाल्याची भांडी आली, चकचकीत स्टीलची, भाड्यानं. संध्याकाळी त्यांचा माणूस पंगतीत उभा राहून मोजत होता. आबा त्या लग्नातून न जेवता आले.

तेव्हापासून भांडार बंद. आबा रोज सकाळी जात, कुलूप उघडत, पितळेवरची धूळ फडक्यानं पुसत आणि परत कुलूप घालत. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्यांच्या डोळ्यांसमोर मरत होतं. ते वाचवायला एकच माणूस लागत होता, आणि त्याला ह्यांनीच भर बाजारात चोर ठरवलं होतं. मला त्यांची दया यायची आणि त्याचाच राग यायचा.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडं आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. काजलही आली, लग्नानंतरची तिची पहिलीच आखाजी. सकाळी मी अंगणात होते. दगा डोक्यावर काहीतरी जड घेऊन येताना दिसला, वर नवं कापड बांधलेलं. मागून काजल. दगानं ते ओट्यावर आबांसमोर उतरवलं. काजलनं कापड सोडलं. आत तांदूळ होता, तिकडच्या मातीतला, सुवासिक. आणि तो तांदूळ ज्यात होता ते आमचं तपेलं.

"आबा, हाई तुमनं तपेलं," काजल म्हणाली.

आबांनी तपेल्याला हात लावला नाही. "तुन्हाकडे कसं उनं हाई?"

"तुम्हीनच तं दिन्हं." ती हसायला लागली. "टेम्पो निंघी ऱ्हायंता. वऱ्हाड उपाशी जाई ऱ्हायनं म्हनीसन तुम्हीन लापशी भरीसन दिन्ही नि म्हने, परत देवानी घाई नही."

मग तिनं राहिलेलं सांगितलं. तपेलं सासरी पोचलं, लापशी सगळ्यांनी खाल्ली. तिची सासू म्हणाली, एवढ्या मोठ्या घरचं भांडं, रिकामं परत पाठवायचं नाही, आपल्यात तशी रीत नाही. नवा तांदूळ निघू दे. तांदूळ निघाला तर म्हणाली, दुसऱ्याच्या हाती नको, सून पहिल्या आखाजीला माहेरी जाईल तेव्हा मानानं नेईल. म्हणून वर्षभर त्यांनी ते घासूनपुसून देवाजवळ ठेवलं होतं. दगाला ह्यातलं काही माहीत नव्हतं, आणि इकडचा गोंधळ काजलपर्यंत पोचला नव्हता. तो तेव्हा टेम्पोच्या पुढं उभा राहून लेकीसाठी रडत होता. त्याच्या हिशेबी त्यानं घेतलेली भांडी त्यानं परत केली होती.

रिकामं भांडं परत करू नये ही रीत आमचीसुद्धा आहे. आबांनीच मला शिकवलेली. शेजारून दही आलं तर वाटीत निदान गुळाचा खडा घालून दे, म्हणायचे. कुणाला काही दिलं की ते भरून परत येणार, त्याला वेळ लागणार, हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच की आपण दिलंय. आयुष्यभर घोटलेला नियम पाळून ते विसरले होते.

मी तांदूळ परातीत काढला. आबांनी तपेलं पालथं घातलं, गावाच्या नावावरून अंगठा फिरवला. वाजवून नाही बघितलं. आईंनी काजलची ओटी भरली. आबा आत गेले ते टोपी घालूनच बाहेर आले. मला म्हणाले, "गाडी काढ."

माझ्या स्कूटीवर ते कधी बसत नसत. बाईमाणूस पाडेल, असा संशय. त्या दिवशी बसले, तपेलं मांडीवर घेऊन.

आखाजीचा बाजार भरलेला. दुकानासमोर आबा रस्त्यातच उभे राहिले आणि मोठ्यानं बोलले. तब्येतीनं किरकोळ माणूस, पण सरपंचाचा आवाज अजून आहे त्यांच्यात. "दाऊदभाई, तपेलं सापडनं. मीच दिन्हं व्हतं नि मीच इसरनू. तुन्हावर आळ लिन्हा, ती मन्ही चूक शे. ह्या बजारमा लिन्हा व्हता, म्हनीसन ह्या बजारमा सांगस."

लोक थांबले होते. चाचा पायरीवर आले, तपेलं हातात घेतलं, आतून बघितलं. मला वाटलं आता गळ्यात पडतील. कसले पडतात. म्हणाले, "कल्हई गई शे." मग तपेलं पायरीवर ठेवून म्हणाले, "येसू. पन रोज जातांना पोतं झटकीसन जासू. तुन्हासमोर."

आणि तसंच केलं. निंबाखाली भाता मांडला, काम पूर्वीसारखंच सुबक. पण येताना स्वतःचं पाणी आणि थर्मासात चहा घेऊन यायचे. आईंनी पहिल्या दिवशी कप नेऊन ठेवला, तो तसाच गार झाला. आबा जेवायला उठले की चाचाही उठून देवळाच्या पायरीवर जाऊन बसायचे, भांडाराच्या दारापासून लांब. आणि संध्याकाळी अवजारं गोळा केली की पोतं आबांच्या खाटेसमोर उलटं करायचे. चिमटा, कापूस, नवसागराची डबी, कथिलाचा तुकडा. पोराबाळांसमोर.

"बस कर रे दाऊद," आबा एकदा म्हणाले.

"मोजी ले, मोतीभाऊ. आते मोजी ले. मांगेतून तुले इसर पडस."

आबांनी मान खाली घातली. त्यांच्या वडिलांची मान अशीच खाली गेली असेल, असं मला वाटलं, आणि त्या क्षणी चाचांचाही थोडा राग आला. फार वेळ टिकला नाही तो.

शेवटच्या दिवशी सगळी भांडी चांदीसारखी होऊन रांगेनं लागली. पोरं जमली होती, पोतं झटकण्याचा त्यांना आता खेळच झाला होता. चाचांनी पोत्याला हात घातला, तेवढ्यात आबा खाटेवरून उठले. बंडीचे खिसे बाहेर ओढले, उलटे केले, झटकले. तंबाखूची पिशवी पडली, चष्म्याचं फडकं पडलं, भांडाराची किल्ली पडली. मग टोपी काढून तीही झटकली आणि हात पसरून चाचांसमोर उभे राहिले, पोलिसासमोर उभं राहतात तसे. कुणी हसलं नाही. मी आजवर त्या माणसावर इतक्यांदा चिडले आहे, पण त्या वेळी मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

चाचा वाकले. फडकं उचललं, पिशवी उचलली, किल्ली उचलली. किल्ली जरा वेळ हातात धरली आणि मग आबांचा खिसा आत सारून स्वतःच्या हातानं त्यात टाकली.

"दगूभाभी," त्यांनी समोरच्या आमच्या ओट्याकडं वळून हाक मारली, "च्या मांडा."

आई धावतच आत गेल्या. दोघांनी खाटेवर बसून चहा घेतला, बशीत ओतून, पूर्वीसारखा फुरके मारत. बोलणं नाहीच. कप खाली ठेवून चाचा उठले, आबांच्या खांद्यावर हात ठेवला, पोतं उचललं. दोन पावलं गेले आणि थांबले. मग परत फिरून त्यांनी पोतं आबांच्या समोर उलटं करून झटकलं, सामान गोळा केलं आणि शहाद्याच्या गाडीला निघून गेले.